आठव्या गणिताची चौकशी

मार्गशीर्ष लागला की आमच्या संत तुकाराम नगरात दोन गोष्टी एकदम दिसू लागतात. पहिल्या पाळीला निघालेल्या माणसांच्या डोक्यांवर कानटोप्या चढतात, आणि सहामाहीच्या निकालाने हबकलेले बाप माझ्या दाराशी येऊ लागतात. परवा खालच्या मजल्यावरचे बापूराव आले. परभणीकडचे गृहस्थ, कारखान्यात पत्रे ठोकण्याच्या प्रेस शॉपमध्ये आहेत. काखेत गणिताची तीन गाइडे होती.

"अण्णा, पोरगं गणितात लईच कच्चं निघालं. काय करावं काही कळना गेलं. तुम्ही कायद्याचे माणूस. यातलं खरं कोणतं अन् फसवं कोणतं, तेवढं सांगा."

"ज्यावर 'हमखास' असं छापलंय ते बाजूला ठेवा."

"तिन्हीवर छापलंय की."

"मग तिन्ही बाजूला ठेवा."

बापूराव हसले, चहा प्याले आणि तिन्ही गाइडे काखेत मारून परत गेले. त्यांना याहून अधिक काही सांगता आले असते; परंतु ते चहाच्या एका कपात मावणारे नव्हते, शिवाय त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. तेच येथे लिहीत आहे. मजकूर माझ्या मुलीविषयी असल्यामुळे छापावयास देण्यापूर्वी तिला वाचावयास दिला. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सुचविली. दोन्ही मान्य केल्या आहेत.

माझी मुलगी नलू सहावीत होती, त्या हिवाळ्यात आम्ही पिंपरीत, कारखान्याच्या भोंग्याच्या टप्प्यात, बैठ्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. थंडीत भोंग्याचा आवाज जड होतो आणि जमिनीलगत सरपटत येतो असे मला नेहमी वाटत आले आहे. पहाटे औषधाच्या कारखान्याकडून आंबूस वास येई आणि तो परसात पेटलेल्या बंबाच्या धुरात मिसळे. मोशीकडून हरभऱ्याचे डहाळे घेऊन येणाऱ्या बायका चाळीच्या तोंडाशी बसत. चाकणच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या गाड्या रस्त्यावर पाती सांडून जात. त्या पातीचा उग्र हिरवा वास दुपारपर्यंत टिके. आज बंब गेले, चाळ पाडली गेली, कांदा ट्रकमधून जातो. पण थंडीच्या पहिल्या दिवशी तो धूर आणि तो आंबूस वास माझ्या नाकाशी येतोच, आणि त्यांच्यामागून गुडघे पोटाशी घेऊन बंबापुढे बसलेली अकरा वर्षांची नलू.

मी कारखान्याच्या कामगार खात्यात लेखनिक होतो. आरोपपत्रे लिहिणे, खुलासे नोंदविणे आणि खात्याच्या चौकशीत प्रश्नोत्तरे शब्दशः उतरून घेणे हे माझे काम. प्रत्येक पानाच्या तळाशी 'वाचून दाखविले, बरोबर आहे' असे लिहून खाली कामगाराची सही घ्यावयाची. सही येत नसेल तर अंगठा. मी वकील नव्हतो. संध्याकाळच्या लॉ कॉलेजात एक वर्ष काढून ते सोडले होते. तरी सगळे 'वकीलसाहेब' म्हणत. काही आदराने, काही चिडविण्यासाठी, आणि कोण कशासाठी म्हणतो हे मला पुरते ठाऊक असे. संशय हा माझ्या स्वभावाचा भाग की नोकरीचा, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही.

नलूच्या प्रगतिपुस्तकात सहावीच्या सहामाहीला शेरा आला: 'गणितात गती नाही.' त्या तीन शब्दांनी माझे डोके फिरले. मी वर्गशिक्षकांना पत्र लिहिले. गती म्हणजे काय? ती कोणत्या मापाने मोजली? मोजताना पालकास सूचना दिली होती काय? आणि गती नाही असे एकदा ठरविल्यावर ती उत्पन्न करण्याची जबाबदारी शाळेने कोणत्या कलमाखाली नाकारली? उत्तर आले नाही म्हणून प्रत्यक्ष गेलो. गुरुजी व्हरांड्यात उन्हाला पाठ देऊन उभे होते.

"अहो, एवढं काय त्यात," ते म्हणाले. "संध्याकाळी माझ्याकडे घरी पाठवा. पाच-सहा मुलं येतातच."

हे ऐकताच मला सर्व उलगडले असे वाटले. दिवसा गती नाही असे लिहावयाचे आणि संध्याकाळी तीच विकावयाची. आजही त्या गुरुजींविषयीचा माझा संशय पूर्णपणे गेलेला नाही. मात्र त्या संशयाच्या भरात एक गोष्ट मी बाजूला ठेवली. गणिताचा तास सोमवारी आणि गुरुवारी पहिला असे, आणि बरोबर त्या दोन सकाळी नलूच्या पोटात दुखे. वर्गात तिला उभे करीत, उत्तर येईपर्यंत बसू देत नसत. याविषयी मी तिला काही विचारले नव्हते. माझे सारे प्रश्न शाळेसाठी होते.

मुख्याध्यापकांना मी चार पानी पत्र दिले. ते थकलेले, सभ्य गृहस्थ होते.

"मागच्या वर्षी तुम्ही पिण्याच्या पाण्यावर लिहिलंत," ते म्हणाले. "त्याआधी सहलीवर. आता गणित. मुलीला घरी शिकवणार म्हणता? कोण शिकवणार?"

"मी."

"तुमचा विषय गणित?"

"माझा विषय न्याय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात मूल अन्य रीतीने समाधानकारक शिक्षण घेत असेल तर त्याला मुभा आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. अखेर लेखी ठरले. नलूने एप्रिलमध्ये वर्गाबरोबर वार्षिक परीक्षेस बसावे. गणितात उत्तीर्ण झाली तर सातवीत. न झाली तर पटावरून नाव कमी. त्यात शेवटचे कलम मी स्वतः, कोणी न मागता, घातले: घरच्या अभ्यासात काही गैरप्रकार आढळल्यास मी तो शाळेस कळवीन आणि परीक्षेस बसण्याची मुभा रद्द समजावी. ते कलम लिहिताना मला स्वतःविषयी जो अभिमान वाटला, तो मला अजून आठवतो.

घरी शिकवावयाचे तर काय शिकवावयाचे? मी महिनाभर पुस्तके गोळा केली आणि निविदा उघडाव्यात तशी एकेक तपासली. नवे सरकारी पाठ्यपुस्तक नुकतेच आले होते. त्यात आकडे फार उशिरा भेटत आणि आधी संच येत. आंबा, पेरू, चिकू यांच्याभोवती महिरपी कंस घालून हत्ती त्यात बसतो काय असे मुलांना विचारलेले. प्रस्तावना समितीने लिहिलेली. समितीच्या वाक्याला कोणी एक माणूस जबाबदार नसतो, म्हणून मी ते बाजूस ठेवले. एका गाइडवर 'हमखास यश' होते. ही हमी कोण देतो आणि यश न आल्यास दाद कोणाकडे मागावी, असे मी प्रकाशकास विचारले. उत्तर नाही. साप्ताहिकातली जाहिरात पाहून एक पत्रद्वारा अभ्यासक्रम मागविला. पाकिटातून जांभळ्या शाईत चक्रमुद्रित केलेले पत्र निघाले, 'प्रिय विद्यार्थी' अशी सुरुवात असलेले. मी विद्यार्थी नसून पालक आहे, असे कळवून ते परत पाठविले. शेजारच्या इंजिनियरांनी आपल्या मुलाचे इंग्रजी पुस्तक दिले. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, आणि गोरी मुले केक वाटून घेत बसलेली. ज्या मुलीने केक दोनदा पाहिला आहे तिला त्याचा पाचवा भाग विचारणे मला अन्यायाचे वाटले.

शेवटी चिंचवडच्या रद्दीच्या दुकानात एक जुने अंकगणित मिळाले. पुठ्ठ्याची बांधणी, आत डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि टाक्या, घागरी, मजूर, भिंती असा ओळखीचा संसार. आणे-पैची प्रकरणे मी तांबड्या रेघेने रद्द केली. त्या पुस्तकाला प्रस्तावना नव्हती. मला ते प्रामाणिक वाटले.

या सगळ्याचा तुलनात्मक तक्ता मी फुलस्केप कागदावर केला होता. पत्नीने, इंदूने, पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडे पाहिले.

"अहो, एवढं वाचून तुम्हीच सहावी पास व्हाल."

मला ते झोंबले. का झोंबले हे मी तिला सांगितले नाही. मॅट्रिकला गणितात मी काठावर सुटलो होतो, आणि पाच पुस्तके तपासताना एकाही पुस्तकातले एकही गणित सोडवून पाहिलेले नव्हते.

नोव्हेंबरअखेर शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की घडीच्या टेबलाशी बसावयाचे. आदल्या संध्याकाळी दिलेली गणिते नलूने दिवसभरात करून ठेवावयाची. नियम तीन. पक्क्या वहीत फक्त पक्के गणित. कच्चा कागद माझ्या दृष्टीस पडता कामा नये, कारण खाडाखोड हे गोंधळलेल्या मनाचे लक्षण. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी नलूची पूर्ण नावाची सही. पुस्तकातली उत्तरांची पाने मी ब्लेडने कापून माझ्या ऑफिसच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळी ती काढून तिच्या उत्तरांशी ताडून पाहायची, ही माझी अध्यापनाची पद्धत. रीत समजावताना मी पुस्तकातलीच वाक्ये मोठ्या आवाजात वाचीत असे. आणि तरी कळले नाही तर आणखी मोठ्या आवाजात.

सात आठवडे बहुतेक सर्व चुकले. डिसेंबर गेला. पवनेवर सकाळी धुके बसे, पुलावरून जाणाऱ्या सायकलींच्या घंट्या ऐकू येत आणि माणसे दिसत नसत. मी धुक्यातून कामावर जाताना मनात पत्रे रचीत असे: शाळेला, शिक्षणाधिकाऱ्यांना, वर्तमानपत्राला. नलूची वही बघून माझा राग तिच्यावर जाई आणि तिथून, ती लहान आहे हे आठवून, परत शाळेवर. घरी ती बोलेनाशी झाली. विचारले की "हो अण्णा" म्हणे. पहाटे बंब पेटविण्याचे काम तिने आपणहून मागून घेतले होते. मला ते सद्वर्तन वाटले.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. त्या संध्याकाळी वही उघडली आणि आठ गणितांपैकी सात बरोबर निघाली. सात. आठव्याचे उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हते. मी उत्तरांची पाने पुन्हा पाहिली, मग पिशवीकडे पाहिले, मग नलूकडे. ती हसत होती. माझी खात्री झाली ती त्या हसण्याने. चौकशीत मी अनेक माणसे पाहिली होती. नको तेव्हा हसणारा माणूस काहीतरी लपवीत असतो, असा माझा समज होता.

"ही सगळी तू केलीस?"

"हो."

"काल एकही येत नव्हतं."

मी कोरा कागद ओढला आणि वर तारीख घातली.

"कच्चा कागद कुठे आहे?"

"बंबात घातला."

"का?"

"रोजच घालते. तुम्हीच म्हणालात, दिसता कामा नये."

हे उत्तर मी लिहून घेतले आणि पुढे कंसात 'असमाधानकारक' असा शेरा मारला.

"उत्तरांची पानं माझ्या पिशवीत असतात, हे ठाऊक आहे?"

"हो."

"पिशवी सकाळी सातपर्यंत खुंटीवर असते. खुंटीला तुझा हात पोचतो?"

तिने खुंटीकडे नीट पाहिले. "स्टुलावर चढलं तर पोचेल."

"अहो," इंदू चुलीपासून म्हणाली, "ती पहाटे बंबापाशी ठिपके—"

"मध्ये बोलू नकोस."

त्या वाक्याचा उरलेला भाग ऐकावयास मला चार दिवस लागले. त्या संध्याकाळी मी फक्त पुढचा प्रश्न विचारला, आणि त्यापुढचा, आणि मग पहिल्यापासून पुन्हा. पुरावा नष्ट करणाऱ्याविरुद्ध अनुमान काढण्याची कायद्याला मुभा आहे. मी ती घेतली. भाकऱ्या थंड झाल्या. नलू आधी रडली, मग रडायची थांबली, आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाली,

"बघून लिहिली."

"स्पष्ट सांग."

"उत्तरं पिशवीतून काढून बघून लिहिली."

मी ते तिला वाचून दाखविले. तिने टाक घेतला आणि खाली आपले पूर्ण नाव लिहिले; गोल, सुबक अक्षरात, जशी ती गणिताच्या वहीत लिहीत असे.

आता कलम होते, आणि कलम मीच घातले होते. गैरप्रकार आढळला, तो शाळेस कळविणे भाग होते. कळविले की एप्रिलची परीक्षा गेली, सातवी गेली, पटावरून नाव गेले. हे मला दिसत होते. चार दिवस मी पिशवी खांद्याला लावून फिरलो आणि स्वतःस सांगत राहिलो की स्वतःच्या मुलीपुरता जो नियम वाकवितो त्याला इतरांकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही. आजही मला ते तत्त्व खोटे वाटत नाही. त्या तत्त्वाखाली मी काय दडविले होते, ते वेगळे.

रविवारी सकाळी पत्र लिहावयास बसलो. मायना झाला, संदर्भ झाला. सोबत त्या आठ गणितांची नक्कल जोडावयाची होती. पुरावा जोडल्याशिवाय मी आयुष्यात पत्र पाठविलेले नाही. डाव्या बाजूस पुस्तकातले उत्तर, उजव्या बाजूस नलूचे. सात ओळी जुळल्या. आठवी अशी: एक टाकी तीन अष्टमांश भरली होती, आणखी तीस घागरी ओतल्यावर ती तीन चतुर्थांश भरली, तर पूर्ण टाकी किती घागरींची? पुस्तकात साठ. नलूचे ऐंशी. त्या संध्याकाळी मी येथे 'नक्कल करतानाही चूक' असे लिहिले होते. आता तेच वाक्य पत्रात उतरवताना लेखणी अडली. सात उत्तरे बघून उतरविणारा माणूस आठवे मनाचे का लिहील? पान तर समोरच असेल.

तेव्हा मी प्रथमच ते गणित घेऊन बसलो. रीत मला येत नव्हती. परंतु साक्षीदार खोटे बोलतो की नाही हे पाहण्यासाठी त्याच्यासारखे जगावे लागत नाही. त्याचे म्हणणे खरे धरून पुढे चालत जावे, कोठे अडते ते दिसते. टाकी साठाची धरली. तिचे तीन अष्टमांश साडेबावीस. त्यात तीस ओतल्या, साडेबावन्न झाल्या. साठाचे तीन चतुर्थांश पंचेचाळीस. साडेबावन्न घागरी पंचेचाळिसांत कशा मावतील? मग ऐंशी धरली. तीन अष्टमांश तीस; अधिक तीस, साठ. ऐंशीचे तीन चतुर्थांश साठ. मी हे तीनदा केले. पुस्तक चुकले होते. छापणाऱ्याने, खिळे जुळविणाऱ्याने, मुद्रिते तपासणाऱ्याने, कोणी तरी कधी तरी आठाच्या जागी सहा बसविला होता, आणि ज्या मी शाळेवर, गुरुजींवर, समितीवर, जांभळ्या शाईवर संशय घेतला, त्या मी या सहावर घेतला नव्हता. तिने उत्तर चोरले असते तर ते साठ आले असते. साठ आले असते तर आठही जुळली असती, आणि माझे पत्र तेव्हाच टपालात पडले असते.

नलू परसात डहाळ्यांचे घाटे सोलीत बसली होती. माझी चाहूल लागताच तिने पाय जवळ घेतले.

"नलू, आठव्याचं ऐंशी कसं आलं?"

"चुकलंय का?"

"कसं आलं, ते दाखव."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग बंबाखालचा कोळशाचा तुकडा उचलून फरशीवर ठिपके काढले, रांगोळीला काढतात तसे, आणि ते जोडून आठ घरे केली. "ही तीन आधीच भरलेली. पाऊण टाकी म्हणजे सहा घरं. म्हणजे ही तीन नंतर भरली. त्यात तीस घागरी, एकात दहा. घरं आठ." तिने हात झटकले. "सगळी तशीच केली. आधी घरं किती काढायची तेच जमत नव्हतं. एकाला खूप वेळ लागतो."

इंदू दारात आली होती. "तेच त्या दिवशी सांगत होते," ती म्हणाली. "महिनाभर पहाटे कॅलेंडरच्या पाठीमागं ठिपके मांडत असते. मला वाटलं संक्रांतीची रांगोळी. नंतर कळलं, गणितं आहेत."

मी नलूला विचारले, "मग बघून लिहिली असं का सांगितलंस?"

ती घाटे सोलू लागली. "तुम्ही थांबतच नव्हतात." मग थोड्या वेळाने, "आणि भूक लागली होती."

कारखान्यात दगडू नावाचा मोशीचा एक फिटर होता. पाळीत झोपल्याच्या आरोपावरून त्याची चौकशी झाली, तेव्हा लिहिणारा मीच होतो. तिसऱ्या तासाला तो म्हणाला होता, "सायेब, व्हय म्हणतो, लिवा. पर आता सोडा. म्हस पिळायची राह्यलीया." चौकशी अधिकारी हसले. मीही हसलो आणि 'आरोप कबूल' असे लिहिले. त्या रविवारी परसात उभे राहून मला ते हसणे आठवले. दगडू झोपला होता की नव्हता हे मला ठाऊक नाही. ते मला कधीच ठाऊक नव्हते. पुढच्या चौकशीत कबुलीपूर्वी विश्रांती दिली होती काय, अशी नोंद मी घालू लागलो, तेव्हा अधिकारी म्हणाले, "वकीलसाहेब, घरी काही झालंय का?" मी हो म्हटले.

पत्र मी फाडले नाही. मी कागद फाडीत नाही. त्यावर 'रद्द' असे लिहून कारण लिहिले. नलूच्या कबुलीजबाबाखाली लिहिले: 'ही कबुली खोटी आहे व ती मी घेतलेली आहे.' सही केली आणि तिला वाचावयास दिले. तिने दोनदा वाचले.

"मी पण करू सही?"

"नको."

प्रकाशकाला मात्र मी लिहिले, आणि त्या पत्राइतका राग मी पूर्वी कोणत्याही पत्रात ओतलेला नाही. छापील उत्तर हे मुलाच्या दृष्टीने निकालपत्र असते, चुकीचा निकाल देणाऱ्यास पदावर राहण्याचा अधिकार नाही, वगैरे. टपालपेटीपाशी पोहोचेपर्यंत मला कळले होते की यातली बरीच वाक्ये चुकीच्या पत्त्यावर चालली आहेत. तरीही टाकले. उत्तर आले नाही.

त्यानंतर कच्चे कागद टेबलावर येऊ लागले. मी रीत वाचून दाखविणे बंद केले. ती ठिपके मांडी आणि मी तिचे उत्तर खरे धरून उलट चालत जाई. दोघांना मिळून एका गणितास अर्धा तास लागे. फेब्रुवारी सरता सरता वारा बदलला, डहाळे संपले, बंबाला लाकडे कमी लागू लागली. एप्रिलमध्ये ती परीक्षेस बसली. वर्गात पंखा नव्हता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांवर शिसपेन्सिलीचा काळा रंग होता. उत्तरपत्रिका मी मागून पाहिली. समासात सगळीकडे ठिपके, शेजारी गुरुजींचा तांबड्या पेन्सिलीतला प्रश्न, 'रीत?', आणि तरीही गुण दिलेले. हे गुण गुरुजींनी का दिले, याचाही मी बराच विचार केला आहे.

"पास आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "आता पत्र नाही ना लिहिणार?"

"आभाराचं लिहीन."

"तेही नको."

जून तोंडावर आला. सातवीचे काय करावयाचे, हा प्रश्न होता: शाळा की घर, आणि घर असेल तर कोणते पुस्तक. यावेळी तक्ता केला नाही. सातवीची मिळाली ती पुस्तके, नवे, जुने, इंग्रजी, सगळी टेबलावर मांडली आणि नलूला म्हटले, "तू ठरव. शाळेत जायचं असेल तर तसं सांग."

तिने पुस्तकांकडे पाहिलेच नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. बारकाईने, कपाळाला एक आठी घालून, ठिपके मोजताना पाहते तशी. माझ्या मनातले उत्तर कोणते आहे, ते ती शोधत होती. आणि ते तिला सापडले असावे, कारण थोड्या वेळाने तिने जुन्या अंकगणिताच्या पुढच्या भागावर हात ठेवला.

"घरीच बरं आहे, अण्णा. हेच घेऊ."

मला हवे होते तेच. माझ्यासमोर आजवर जितक्या कबुल्या नोंदल्या गेल्या, त्यांत याहून नितळ आवाजात एकही नव्हती, आणि मी तीतल्या एका अक्षरावर विश्वास ठेवू शकलो नाही. पुन्हा विचारले असते तर तिने पुन्हा तेच सांगितले असते. तिसऱ्यांदा विचारले असते तर सही केली असती.

मी तिला एक कोरा कागद दिला. म्हटले, यावर काय ते लिही, सही करू नकोस, आणि मी घरात नसताना पिशवीत टाक. दोन दिवस कागद आला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात डबा काढताना हाताला लागला. एकच ओळ होती: 'मला अजून माहीत नाही.'

मी ती ओळ उलटसुलट करून पाहिली. तिच्यात माझ्या मनासारखे काही नव्हते. दुपारी मुख्याध्यापकांना लिहिले की निर्णयास विलंब लागेल, नाव राखून ठेवावे. मग नलूचा कागद पुन्हा उघडला. मी लिहिलेल्या प्रत्येक नोटिशीच्या शेवटी मुदत असे: अमुक दिवसांच्या आत खुलासा करावा, न केल्यास काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल. ते वाक्य माझ्या हाताला इतके सवयीचे होते की लेखणी कागदावर टेकलीही. मी ती उचलली, तिच्या ओळीखाली 'बरे' एवढेच लिहिले, आणि संध्याकाळी तो कागद तिच्या उशीखाली ठेवला.